लंगोट सुटण्याचा मुहूर्त

अथेन्स नगरीच्या प्राचीन बाजारचौकांत जें उत्खनन झालें, त्यांत भाजलेल्या मातीचें एक चमत्कारिक पात्र सांपडलें. तें ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांतील आहे. खालीं पोकळ बैठक, वर वाडग्यासारखा भाग, आणि त्यांत मुलाचे पाय बाहेर काढण्यापुरती जागा. एका चित्रित भांड्यावर अशाच आसनांत बसलेलें मूल व त्याच्या समोर आई अशी आकृति आहे. तीवरून या पात्राचा उपयोग ओळखतां आला. मुलाला शौचास बसविण्याची ती खुर्ची होती. अडीच हजार वर्षांपूर्वींही कोणी आई मुलासमोर अशी वाट पाहत बसत होती, हें कळून मौज वाटते. मात्र मूल किती महिन्यांचें झालें म्हणजे तिनें त्यास तेथें बसविलें, हें तें पात्र सांगत नाहीं.

"केव्हां?" हा प्रश्न पुस्तकांत येण्यास फार उशीर लागला. महाराष्ट्रांतील जुन्या घरांत तो कोणी विचारीत नसे. आई किंवा आजी पाय पसरून बसे, तान्ह्या बाळाला आपल्या दोन्ही पावलांवर बसवी आणि तोंडानें "शू शू" असा आवाज काढी. बाळ झोपून उठलें, दूध प्यालें, कीं त्याला पायांवर घ्यावयाचें, एवढेंच त्यांतलें शास्त्र. बारशाला मुहूर्त, उष्टावणाला मुहूर्त, जावळाला मुहूर्त पाहणाऱ्या समाजानें लंगोट सोडण्याला मात्र मुहूर्त पाहिला नाहीं.

तो पाहिला अमेरिकेनें, आणि तोही घड्याळावर. न्यूयॉर्क येथील बेबीज हॉस्पिटलचे डॉ. एमेट होल्ट यांनीं १८९४ सालीं बालसंगोपनावर एक लहानसें प्रश्नोत्तररूपी पुस्तक प्रसिद्ध केलें. रोज ठराविक वेळीं शौचास होण्याची संवय मुलास कोणत्या वयांत लावतां येते, या प्रश्नावर त्यांचें उत्तर असें कीं, लवकर आरंभ केल्यास बहुधा दुसऱ्या महिन्यापर्यंत. पुढें १९१४ सालीं अमेरिकन सरकारच्या बालविभागानें 'इन्फंट केअर' ही पुस्तिका काढली. तिच्या लाखों प्रती घरोघरीं गेल्या. लेखिका मिसेस मॅक्स वेस्ट या स्वतः पांच मुलांच्या आई. त्यांनीं तिसरा महिना, क्वचित् त्याही आधींचा काळ सुचविला, पण रागावूं नये, शिक्षा करूं नये, अगदीं हळुवारपणें करावें, असेंही बजावलें. हेतूही त्यांनीं लपविला नाहीं : लंगोटांची गरज शक्य तितकी लवकर संपावी. ज्या घरांत धुण्याचें यंत्र नाहीं, पाणी चुलीवर तापवावयाचें आणि रोजचा लंगोटांचा ढीग हातानें घासावयाचा, तेथील आईचा हा हेतु समजण्यासारखा आहे. दोष आहे तो या सोयीलाच पुढें शास्त्र म्हणून मिरविण्यांत आलें याचा. पुस्तिकेच्या नंतरच्या आवृत्त्यांत सहा ते आठ महिन्यांत मळके लंगोट धुण्याचें काम संपेल, असें आश्वासन दिसतें. ज्या आईचें काम तेव्हां संपलें नसेल, तिनें तें पुस्तक वाचून काय मानावें?

या कडकपणाचा कळस जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञानें केला. मूल म्हणजे संवयींचा गठ्ठा, हें त्याचें मत. १९२८ सालच्या ग्रंथांत त्यानें सांगितलें कीं, आठव्या महिन्यापासून मुलास खास आसनावर पट्ट्यानें बांधून बसवावें, खेळणें देऊं नये, आणि न्हाणीघराचें दार लावून त्यास एकटें ठेवावें. आठ महिन्यांचें मूल, बंद दार, आणि बाहेर घड्याळाकडे पाहत उभी असलेली आई! १९३६ सालीं आत्मवृत्तांत वॉटसननें या ग्रंथाबद्दल खेद व्यक्त केला. तो लिहिण्याइतकें ज्ञान आपणापाशीं नव्हतें, असें त्यानें मान्य केलें. पण तोंवर एका पिढीचीं मुलें त्या आसनावर बसून उठलीं होतीं. उलट टोंकास फ्रॉइड. त्यानें १९०८ सालींच कंजूषपणा, टापटीप आणि हट्ट या तीन गुणांचा संबंध बालपणींच्या शौचाशीं जोडला होता. त्याच्या अनुयायांमुळें आयांना आणखी एक धास्ती मिळाली, इतकेंच.

खरा उजेड पडला तो जुळ्या मुलांमुळें. डॉ. होल्ट यांच्याच बेबीज हॉस्पिटलमध्यें मर्टल मॅकग्रॉ या विदुषीनें जुळ्या भावांच्या जोड्या निवडल्या. जोडींतील एका भावास जन्मानंतर थोड्याच काळानें दिवसांतून तासातासानें भांड्यावर बसविण्यास आरंभ झाला. दुसऱ्यास कित्येक महिने मोकळें सोडलें. पहिल्या भावाची प्रगति प्रथम दिसली, पण पुढें ती ओसरली. मग जेव्हां त्याला खरा ताबा आला, तेव्हां उशिरां बसूं लागलेला भाऊही फारसा वेळ न घेतां त्याच्या बरोबरीला आला. १९४० सालीं हें निरीक्षण प्रसिद्ध झालें. त्याचा अर्थ असा कीं, तान्ह्या मुलाचें मूत्राशय भरलें म्हणजे आपोआप रिकामें होतें. आवरून धरणें आणि मनांत येईल तेव्हां सोडणें यासाठीं मेंदू व मज्जातंतू पक्व व्हावे लागतात. तोंपर्यंत जें शिकविलें जातें, तें बहुतांशीं आईलाच : मूल केव्हां करील, हें ओळखण्यास ती शिकते.

यानंतर सल्ल्याचा वारा फिरला. १९४६ सालीं डॉ. स्पॉक यांनीं आयांना घाई न करण्यास सांगितलें. १९६२ सालीं डॉ. ब्रेझलटन यांनीं १,१७० मुलांचा दहा वर्षांचा वृत्तांत दिला. मुलाची तयारी पाहून चालल्यास दिवसाचा ताबा सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांस आला होता. झुरिक येथें डॉ. लार्गो यांनीं दोन पिढ्या ताडून पाहिल्या. पहिल्या पिढीस बहुतेक वर्षाच्या आंत बसविलेलें, दुसरीस बरेंच उशिरां. मूत्राशयाचा ताबा मात्र दोघींस जवळ जवळ एकाच वयांत आला.

पण येथेंही सोय शास्त्राच्या वेषांत शिरली. १९६१ पासून अमेरिकेंत वापरून टाकण्याचे 'पॅम्पर्स' विकले जाऊं लागले. लंगोट धुणें संपलें आणि घाईचें कारणच उरलें नाहीं. १९९८ सालीं मोठ्या मुलांसाठीं मोठ्या मापाचे लंगोट निघाले, आणि त्यांच्या जाहिरातींत दिसले ते साक्षात् डॉ. ब्रेझलटन! त्यांचें संशोधन यामुळें खोटें ठरत नाहीं. पण विक्रेत्याला वाट पाहणारी आई हवीच असते, हें विसरतां येत नाहीं.

याउलट पूर्व आफ्रिकेंतील दिगो लोकांकडे पाहावें. १९७७ सालच्या एका अभ्यासांत त्यांची रीत वर्णिली आहे. आई जमिनीवर पाय पसरून बसते, काहीं आठवड्यांच्या बाळाला पायांमध्यें धरते, आणि "शू" अशा धर्तीचा आवाज काढते. पांच-सहा महिन्यांत तीं मुलें बहुतांशीं कोरडीं राहतात. कोकणांतील आजीनें हें पाहिलें असतें, तर तिला त्यांत नवें कांहीं वाटलें नसतें. मात्र दिगो आई बाळाला दिवसभर अंगाशीं बाळगते, त्याची चुळबुळ तिला तत्काळ कळते. त्या मुलानें स्वतः उठून जागेवर जाऊन बसावें, अशी तिची अपेक्षा नसते.

पुण्यामुंबईच्या घरांत आजी म्हणते, "आमच्या वेळीं वर्षाच्या आंत लंगोट सुटले," आणि सून डॉक्टरांचें मत पुढें करते. दोघी खरें बोलतात. आजी आपल्या नजरेबद्दल, सून मुलाच्या ताब्याबद्दल. ज्या घरांत दिवसभर पायांवर घेण्यास माणूस आहे, तेथें आजीची रीत आजही चालेल, तिच्यांत कांहीं वाईट नाहीं. आई कचेरींत व मूल पाळणाघरांत असेल, तर मुलाकडेच पाहावें लागतें : तें दोन दोन तास कोरडें राहतें काय, सांगितलेलें समजतें काय, चड्डी स्वतः खालीं ओढतें काय, आणि मुख्य म्हणजे आधीं सांगतें काय. हें बहुधा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान केव्हां तरी जमून येतें. घरांत नवें भावंड आलेलें असेल किंवा बिऱ्हाड हललेलें असेल, तर महिना-दोन महिने थांबावें. शिशुवर्गाच्या प्रवेशाची तारीख जवळ आली म्हणून रागें भरून मुलास भांड्यावर बसविलें, तर तें शौच दाबून धरूं लागतें, मळ कठीण होतो, दुखूं लागतें, आणि मग तें भांड्याचें नांवही काढूं देत नाहीं.