पॅराडाइज माशाची मातबरी

काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा जो छंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात फैलावला, आणि १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडल्यावर ज्याला प्रतिष्ठाही लाभली, त्याच्यापुढील मुख्य अडचण सौंदर्याची नसून श्वासाची होती. कारण पाण्यात हवा सोडणारी व पाणी उबदार राखणारी विजेची साधने अद्याप घरोघर पोचावयाची होती. अशा काळी, १८६९ साली, चीनच्या मुलखातून पॅरिसला आलेला पॅराडाइज मासा पिएर कार्बोनिये या मत्स्यपालकाच्या हाती पडला आणि त्याने त्याची वीण यशस्वी करून दाखविली. भातखाचरांत व साचलेल्या डबक्यांत वाढणाऱ्या या जातीस कल्ल्यांखेरीज मस्तकात घड्यांचे एक श्वसनेंद्रिय असल्यामुळे ती पृष्ठभागी येऊन थेट हवेचा घोट घेते. म्हणूनच ज्या शिळ्या पाण्यात इतर मासे गुदमरून मरतात तेथे ती तग धरते, आणि थंडीचाही तिला विशेष जाच होत नाही.

विणीच्या वेळी नर लाळेच्या बुडबुड्यांचे फेसाळ घरटे पाण्यावर रचतो, अंडी तोंडाने गोळा करून त्यात ठेवतो, आणि मग मादीलाही तेथे फिरकू देत नाही. हा तापट स्वभावच पुढे त्याच्या मुळावर आला: साधने सुलभ होताच नाजूक, शांत मासे दिवाणखान्यात नांदू लागले आणि या काटक पाहुण्याची मातबरी ओसरली. तथापि परमुलखातील मासा घरी जगतो, नव्हे वितो, ही खात्री शौकिनांस पटविण्याचे श्रेय बव्हंशी त्याच्याच पदरी घालावे लागेल.