मराठी चित्रकारांचे साहित्यलेखन

मराठी चित्रकारांचे साहित्यलेखन या संज्ञेत चित्रकला, उपयोजित कला, नेपथ्य किंवा व्यंगचित्रकला हा ज्यांचा मुख्य व्यवसाय होता, अशा कलावंतांनी मराठीत केलेले कविता, आत्मचरित्र, नाटक, ललित गद्य आणि कलाविचार या प्रकारांतील लेखन येते. कलासमीक्षकांनी चित्रकारांविषयी केलेले लेखन यात धरले जात नाही. ग्रंथालयीन वर्गीकरणात ही पुस्तके बहुधा 'कला' विभागात जातात आणि वाङ्मयेतिहासात त्यांची दखल तुटक स्वरूपात घेतली जाते. त्यामुळे एकाच व्यक्तीचे चित्र आणि लेखन एकत्र पाहण्याची सोय वाचकास क्वचितच मिळते.

पूर्वपीठिका

चित्र आणि शब्द यांचे साहचर्य या प्रदेशास नवे नाही. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी म्हणजे आजचे वाशीम. या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने माहाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य रचले, तर पाचव्या शतकातील हरिषेणाच्या कारकिर्दीत अजिंठ्याची अनेक लेणी सिद्ध झाली. त्याचा मंत्री वराहदेव याचा सोळाव्या लेण्यातील शिलालेख पद्यात असून त्यात लेण्याच्या सजावटीचेही वर्णन आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरीतच लावून दिला आहे, ही गोष्ट वाशीमकरांना विशेष अभिमानाची वाटावी अशी आहे.

आधुनिक काळातील लेखनाची नाळ मात्र १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेशी जुळलेली आहे. तेथील शिक्षणाची भाषा दीर्घकाळ इंग्रजी होती. त्यामुळे मराठीत लिहू पाहणाऱ्या चित्रकारास आधी परिभाषेचाच प्रश्न सोडवावा लागे.

आत्मचरित्रे आणि आठवणी

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे १९४० मधील पुस्तक या प्रकारातील आद्य आणि आजही सर्वांत उपयुक्त साधन होय. १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतल्यापासून १९३१ मध्ये निवृत्त होईपर्यंतचा कलाशाळेचा अंतर्गत इतिहास त्यात येतो. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकार. त्यांचे 'माझी स्मरणचित्रे' वडिलांच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे, कारण एकाच घराकडे पाहणाऱ्या दोन पिढ्यांच्या नजरा त्यांत दिसतात. पुढे रवी परांजपे यांचे 'ब्रश मायलेज', शि. द. फडणीस यांचे 'रेषाटन' आणि सुहास बहुलकर यांचे 'बॉम्बे स्कूल : आठवणीतले, अनुभवलेले' ही पुस्तके आली. फडणीसांची कीर्ती शब्दविरहित हास्यचित्रांची असल्यामुळे त्यांनी शब्दांत लिहिलेल्या आठवणींविषयी वाचकांस कुतूहल वाटणे साहजिक होते. व्यवसायाने अभियंता असलेले व्यंगचित्रकार वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांनी 'परकी चलन', 'सहप्रवासी' यांसारख्या पुस्तकांतून आपल्या कलेविषयी सातत्याने लिहिले.

द. ग. गोडसे

दत्तात्रेय गणेश गोडसे (१९१४–१९९२) यांच्याइतके विस्तृत लेखन अन्य कोणा मराठी चित्रकाराने क्वचितच केले असेल. त्यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातील वाघोडे येथे, तर शिक्षण सावनेर, नागपूर, मुंबई आणि लंडनच्या स्लेड कलाशाळेत झाले. शंभराहून अधिक नाटकांचे नेपथ्य त्यांनी केले. विणकामाच्या परिभाषेतील 'पोत' हा शब्द त्यांनी कलाविचारासाठी योजला आणि त्याच नावाचा ग्रंथ १९६३ मध्ये सिद्ध केला. परकीय संज्ञेचा कृत्रिम तर्जुमा करण्याऐवजी साळ्या-कोष्ट्यांच्या मागावरचा शब्द उचलण्यात त्यांचे भाषिक सामर्थ्य दिसते. 'शक्तिसौष्ठव', 'गतिमानी', 'लोकधाटी', 'मातावळ', 'ऊर्जायन' ही शीर्षकेही याच वृत्तीची द्योतक आहेत. 'मस्तानी' आणि 'समन्दे तलाश' यांत ते इतिहासाकडे वळले. त्यांची वाक्ये लांब व संस्कृतप्रचुर असल्याने प्रथमवाचनात दमछाक होते, तथापि डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूचा पुरावा ते कधी सोडत नाहीत.

प्रभाकर बरवे आणि 'कोरा कॅनव्हास'

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे 'कोरा कॅनव्हास' मौज प्रकाशनाने १९९० मध्ये प्रसिद्ध केले. गोडसे भूतकाळाच्या पटावर लिहितात, तर बरवे चित्र सुरू होण्यापूर्वीच्या रिकाम्या जागेविषयी. वस्तू, अवकाश, आकार आणि त्यांना जोडणारा विचार यांचे त्यांनी केलेले विवेचन साध्या, जवळपास घरगुती मराठीत आहे. ते नियमितपणे डायऱ्या लिहीत व त्यांत रेखाटनेही करीत. या पुस्तकाचा इंग्रजी अनुवादही झाला आहे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या वाशीम, रिसोड, कारंजा येथील मुलामुलींच्या हाती त्यानंतर मराठीत काय द्यावे, हा कलाशिक्षकांपुढील नेहमीचा प्रश्न असतो. त्यास 'कोरा कॅनव्हास' हे एक चांगले उत्तर आहे.

कवी चित्रकार

अरुण कोलटकर (निधन २००४) हे जे. जे.चे विद्यार्थी आणि जाहिरात क्षेत्रातील नामांकित कलादिग्दर्शक होते. 'अरुण कोलटकरच्या कविता' हा त्यांचा संग्रह १९७७ मध्ये निघाला. 'भिजकी वही'स २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. जे. जे.मधील अध्यापक संभाजी कदम यांचा 'पळसबन' हा कवितासंग्रह तुलनेने उपेक्षित राहिला. यवतमाळ जिल्ह्यात जन्मलेले वसंत आबाजी डहाके रेखाटने करीत असले, तरी ते मुख्यतः कवी व मराठीचे प्राध्यापक असल्याने या यादीच्या सीमेवर येतात.

अन्य भाषांतील समांतर उदाहरणे

चेक भाषेत ही परंपरा अधिक ठळक आहे. चित्रकार योसेफ चापेक (१८८७–१९४५) याने कथा, नाटके व बालसाहित्य लिहिले. 'रोबो' या जगन्मान्य शब्दाचे मूळ रूप त्यानेच आपला भाऊ कारेल यास सुचविले. 'श्वेइक'ची चित्रे काढणारा योसेफ लादा मुलांसाठी बोलक्या मांजराच्या गोष्टी लिहीत असे. बंगालीत रवींद्रनाथ ठाकुरांचा प्रवास उलट दिशेने झाला. ते चित्रकलेकडे गांभीर्याने वळले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.