ओळ लक्षात राहते, संदर्भ हरवतो

मराठी शाळांच्या व्हरांड्यात एक फळा वेगळा राखलेला असतो. त्यावर रोज सकाळी खडूने एक सुविचार लिहिला जातो. पुष्कळदा तो एखाद्या कवितेतला असतो. खाली कवीचे नाव कधी असते, कधी नसते. परंतु ती ओळ कोण म्हणत आहे, कोणाला म्हणत आहे आणि कोणत्या प्रसंगी, हे मात्र कधीच लिहिलेले नसते. पुढे हीच ओळ निबंधाच्या शेवटी येते, निरोपसमारंभाच्या भाषणात येते, लग्नपत्रिकेवर आणि श्रद्धांजलीच्या फलकावरही येते. साहित्य आयुष्याविषयी काही शिकवते असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेकांच्या मनात अशी सुटी झालेली ओळच असते. ओळ अशी सुटी होताना तिच्यातले काय टिकते आणि काय गळून पडते, याचा विचार करण्यासाठी नागपूरसारखे दुसरे सोयीचे शहर क्वचितच सापडेल.

सुटी ओळ ही आपल्या परंपरेला नवी नाही. संस्कृत सुभाषिते मुळात सुटी राहण्यासाठीच रचलेली आहेत. भर्तृहरीचे नीतिशतक वामनपंडितांनी मराठीत आणले आणि त्यातील श्लोक पिढ्यान् पिढ्या पाठ होत राहिले. परंतु सुट्या पद्याचा याहून जुना आणि अधिक बोलका नमुना महाराष्ट्री प्राकृतातील हालाच्या गाथासप्तशतीत आहे. तेथे प्रत्येक गाथा दोन ओळींची आणि स्वयंपूर्ण आहे. असे असूनही टीकाकारांना गाथेचा अर्थ सांगण्याआधी ती कोणाच्या तोंडी आहे हे सांगावे लागले: दूती नायकाला सांगते, सखी नायिकेची समजूत घालते, कोणी वाटसरूला सुचवते. बोलणारा बदलला की गाथेचा अर्थही पालटतो, हे त्या टीकाकारांनी ओळखले होते. पद्य सुटे असले तरी त्याचा अर्थ सुटा नसतो, हा धडा आपल्याला त्या काळापासून उपलब्ध आहे.

आता नागपूरकडे वळू. मध्य प्रांताची आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहरात मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी नांदल्या. जवळच्या कामठीत उर्दूही बोलली जात होती. एकाच मुक्तिबोध घराण्यातील गजानन माधव हिंदीत आणि शरच्चंद्र मराठीत लिहीत होते आणि दोघांच्याही लेखनाचा महत्त्वाचा काळ या शहराशी जोडलेला आहे. अशा या परिसरात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्मरणात राहणाऱ्या ओळीचे तीन अगदी भिन्न प्रकार एकाच वेळी लोकांच्या ओठी होते.

पहिला प्रकार राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ओवीचा. ग्रामगीतेच्या एकेचाळीस अध्यायांतील ओवी सरळ उपदेश करते. गाव कसा झाडावा, श्रमाला मान कसा द्यावा, प्रार्थना कशी असावी, हे ती सांगते. बोलणारा आणि ऐकणारा यांचे नाते तेथे स्पष्ट आहे: खंजिरी हाती घेतलेला साधू गावकऱ्यांशी बोलत आहे. म्हणून ही ओवी फळ्यावर लिहिली तरी तिचे फारसे नुकसान होत नाही. ती त्याच कामासाठी जन्मली आहे. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले, ही गोष्ट या दृष्टीने समर्पकच म्हटली पाहिजे.

दुसरा प्रकार ग्रेस यांच्या ओळीचा. माणिक गोडघाटे हे नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात मराठी शिकवणारे प्राध्यापक. ‘संध्याकाळच्या कविता’ हा त्यांचा संग्रह १९६७ मध्ये आला. त्यांच्या ओळी असंख्य वाचकांना पाठ आहेत, परंतु त्यांचा अर्थ सांगा म्हटले तर बहुतेक जण थबकतात. ही ओळ काहीच शिकवत नाही, असे घाईने म्हणता येणार नाही. दुःखाला नेहमी कारण सांगता येतेच असे नाही आणि न सांगता येणाऱ्या दुःखालाही लय असते, एवढे तरी ती शिकवतेच. पण हे शिकणे सुविचाराच्या चौकटीत मावत नाही. म्हणूनच फळ्यावर ग्रेस सहसा दिसत नाहीत.

तिसरा प्रकार सुरेश भटांच्या शेराचा, आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. भटांचा जन्म अमरावतीचा, १५ एप्रिल १९३२ चा. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग नागपुरात गेला आणि १४ मार्च २००३ रोजी ते निवर्तले. ‘रूपगंधा’ (१९६१), ‘रंग माझा वेगळा’ (१९७४), ‘एल्गार’ (१९८३) या संग्रहांनी मराठी वाचकाला गझलेचा कान दिला. त्यांच्याआधी माधव जूलियनांनी ‘गज्जलांजली’ (१९३३) मधून फारसी वृत्ते मराठीत रुजवली होती. परंतु त्यांच्या रचना बहुधा एकाच विषयाच्या धाग्यावर चालतात. शेराचे स्वातंत्र्य तेथे पुरते उमलत नाही. ते स्वातंत्र्य भटांनी आग्रहाने मांडले आणि त्यासाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांना मतला, काफिया, रदीफ यांचे नियम समजावून दिले.

प्रत्येक शेर ही स्वतंत्र कविता आहे, असे एकदा मान्य केले की ती ओळ लोकांच्या तोंडी जाणार हे ओघानेच आले. पण शेराची रचनाच अशी आहे की त्यात एक धोकाही दडलेला असतो. शेरात दोन ओळी असतात. पहिली ओळ परिस्थिती मांडते, ताण निर्माण करते; मैफलीत ती दोनदा-तीनदा म्हटली जाते आणि श्रोता पुढच्या ओळीची वाट पाहू लागतो. दुसरी ओळ तो ताण सोडवते, तिच्या शेवटी काफिया आणि रदीफ येतात आणि दाद त्याच क्षणी मिळते. साहजिकच श्रोता घरी नेतो ती दुसरी ओळ, आणि जिने तिला अर्थ दिला ती पहिली ओळ मैफलीतच राहून जाते. भटांच्या लोकप्रियतेचा इतिहास हा बऱ्याच अंशी या अर्ध्या राहिलेल्या शेरांचा इतिहास आहे. त्याची तीन उदाहरणे पाहू.

अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर आधारलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘सिंहासन’ हा चित्रपट १९७९ चा. त्यातील भटांचे गीत हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केले आणि आशा भोसले यांनी गायिले. हे गीत आहे, गझल नव्हे; पण त्याच्या ध्रुपदाची बांधणी शेरासारखीच दोन ओळींची आहे. पहिल्या ओळीत एक मोठी फसगत आहे: उजेड हाती येणार असे वाटत असतानाच अंधार परतला. दुसऱ्या ओळीत पुन्हा उजेड करण्यासाठी स्वतःलाच पणाला लावण्याची हाक आहे. पुढे हे गीत मोर्च्यांत आणि सभांतून गायिले जाऊ लागले, तसतशी ती हाक तेवढी घोषणेसारखी सुटी झाली. वक्ते आपल्या भाषणाचा शेवट तिने करतात. परंतु ‘पुन्हा’ हा शब्द तेथे का आला, हे फसगतीशिवाय कळत नाही. ज्याने एकदा पहाट हरवलेली पाहिली आहे त्याने दिलेली ही हाक आहे. पहिल्यांदाच रस्त्यावर उतरलेल्या उत्साही माणसाची नव्हे. फसगत वगळली की उरतो तो निव्वळ जोश, आणि जोश कोणत्याही पक्षाला चालतो. ज्यांच्याविषयी ते गीत होते त्यांनाही.

दुसरे उदाहरण भटांच्या एका अतिशय प्रसिद्ध मतल्याचे. त्यात बोलणारा माणूस चितेवर आहे. आपल्याला सोडवले ते मृत्यूने आणि गांजले ते जगण्याने, हे त्याला तेथे पोहोचल्यावर उमगते. हा मतला शोकसभांतून सांत्वन म्हणून म्हटला जातो. गेलेला जीव सुटला, असा त्याचा सोयीस्कर अर्थ घेतला जातो. वस्तुतः ते सांत्वन नाही, ती फिर्याद आहे. मृताने जिवंतांविरुद्ध केलेली फिर्याद. त्याचे जगणे असह्य करणारे कोण होते? कदाचित शोकसभेत पहिल्या रांगेत बसलेलेच. गाथासप्तशतीच्या टीकाकारांसारखे आपण आधी ‘कोण बोलतो आणि कोणाला’ असे विचारले असते, तर हा मतला श्रद्धांजलीच्या फलकावर लिहिताना हात थोडा कचरला असता.

तिसरे उदाहरण भटांच्या मराठीविषयीच्या कवितेचे. कौशल इनामदार यांनी तिला चाल लावली आणि २०१० मध्ये शेकडो गायकांच्या आवाजात ती मराठी अभिमानगीत म्हणून लोकांपुढे आली. आरंभीच्या ओळींतील धन्यता घरोघरी पोहोचली. परंतु या गीताचे एक कडवे आनंदाचे नाही. पाहुण्यांना जेवू घालणारी मराठी स्वतःच्या घरात मात्र हाल काढते, अशी बोच त्यात आहे. २०१८ च्या मराठी भाषा दिनी विधानभवनात हे गीत गायिले गेले तेव्हा ते कडवे वगळल्यावरून सभागृहात वाद झाला. कडवे का वगळले गेले यापेक्षा, ते नसतानाही गीत पूर्ण वाटू शकले, ही गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. अभिमानाच्या ओळी आपल्याला एवढ्या पुरतात की दुःखाच्या ओळीची उणीव भासत नाही.

तिन्ही ठिकाणी घडते ते एकच. खंत गळते आणि हाक उरते, फिर्याद गळते आणि सांत्वन उरते, बोच गळते आणि अभिमान उरतो. लोकांनी भटांना चुकीचे वाचले, असा सरसकट ठपका ठेवणे योग्य होणार नाही. ओळ लोकांची होते तेव्हा ती लोकांच्या गरजेप्रमाणे वळते. हा तिच्या जिवंतपणाचाच भाग आहे. मोर्च्यातल्या माणसाला हाक हवी असते आणि शोकात बुडालेल्या घराला सांत्वन हवे असते. परंतु साहित्याचे अध्यापक आणि विद्यार्थी यांचे काम याहून वेगळे आहे. गळून पडलेले अर्धे वाक्य सांभाळून ठेवणे, हे ते काम.

या कामासाठी नवी पद्धत शोधण्याची आवश्यकता नाही. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पूर्वी एक प्रश्न हमखास असे: संदर्भासह स्पष्टीकरण द्या. विद्यार्थ्याला ओळीचा अर्थ लिहिण्याआधी ती कोणत्या रचनेतील, कोणाच्या तोंडची आणि कोणत्या प्रसंगीची, हे लिहावे लागे. गाईडांनी या प्रश्नाचे पार यांत्रिक रूप करून टाकले हे खरे. पण प्रश्नाचे मूळ शहाणपण त्यामुळे खोटे ठरत नाही. ‘संदर्भ’ हा शब्द ‘स्पष्टीकरण’ या शब्दाच्या आधी येतो, याला कारण आहे.

नागपूरच्या रेशीमबागेत २०१७ मध्ये कविवर्य सुरेश भट सभागृहाचे उद्घाटन झाले. तेथे आणि राज्यातील इतर असंख्य व्यासपीठांवर भटांच्या ओळी पुढेही म्हटल्या जातील. म्हणाव्यातही. साहित्यातली ओळ आयुष्याविषयी जे शिकवते ते बहुधा तिच्या सुचवलेल्या उत्तरात नसते. ते उत्तर कोणत्या किमतीला मिळाले, यात असते. किमतीचा उल्लेख पहिल्या ओळीत असतो. फळ्यावर सुविचार लिहिताना जागा कमी पडली, तर अक्षर थोडे बारीक काढावे, पण पहिली ओळ गाळू नये.