जातं, रहाटपाळणा आणि कणेरीचा कुंभार

आमच्या बचत गटाची एक दिवसाची सहल काढायची ठरली आणि कुठं जायचं यावरून सरळ दोन तट पडले. तरण्या पोरींना पाण्याच्या घसरगुंड्या हव्या होत्या. थोरल्या बायका म्हणाल्या, "आमी काय त्या पाण्यात पडाय येत न्हाई." शेवटी कणेरी मठ ठरला. शहरापासून दहा-बारा किलोमीटर, खर्च बेताचा, आणि गुडघे दुखणाऱ्यांनाही झेपेल असा. माझ्या सासूबाईही निघाल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं, पण गाडीत पहिली सीट त्यांचीच.

कणेरीचं ग्रामजीवन संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. मठाच्या आवारात उघड्यावर उभं केलेलं एक अख्खं गाव. कुंभार, लोहार, सुतार, न्हावी, सोनार, मोटेचे बैल, जात्यावर बसलेल्या बाया. माणसांच्या मापाचे शेकडो पुतळे. लोक सरसकट "मेणाचे पुतळे" म्हणतात, पण ते सिमेंटचे आहेत. मेण आपल्या उन्हात किती टिकणार? बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार यांच्यावर चालणारं, आपल्या गरजा आपणच भागवणारं गाव कसं होतं, हे दाखवायचं म्हणून मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामींनी ते उभारलं.

मी इतिहास शिकवलेली बाई. त्यामुळं पुतळ्यांपेक्षा माझं लक्ष बघणाऱ्यांवर जास्त होतं. शहरातली मुलं जात्यापुढं खिळून उभी. आत्याबाई मात्र जात्याकडं बघून सरळ पुढं गेल्या. मी म्हटलं, "अहो आत्याबाई, बघा की, किती हुबेहूब केलंय." त्या म्हणाल्या, "त्यात काय बघायचं? पंधरा वर्सं त्येच केलं की."

तिथंच मला प्रश्न पडला. बघण्याजोगी गोष्ट म्हणजे नेमकी कोणती? पैसे मोडून, उन्हातान्हात माणूस कशासाठी जातो?

आपल्याकडं याचं जुनं उत्तर जत्रा. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हालेल्या सासनकाठ्या येतात. माणूस देवासाठी जातो हे खरंच, पण देवाबरोबर बाजार असतो, बांगड्या असतात, खेळणी असतात आणि पाळणा असतो. आताचे विजेवर फिरणारे आकाशपाळणे नंतरचे. त्याआधी लाकडी रहाटपाळणा होता. चार पेट्या, आणि खाली उभं राहून हातानं फिरवणारा माणूस. घरातून एरवी बाहेर न पडणाऱ्या बाईला गाव वरून बघायला मिळायचं ते त्या पेटीतून. परदेशात १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरनं २६४ फूट उंचीचं चाक उभं केलं. छत्तीस डबे, एका डब्यात साठ माणसं. आकार सोडला तर त्यातली गंमत आपल्या पेटीतल्यासारखीच. घरी जे दिसत नाही ते तिथून दिसतं.

कोल्हापूरला गर्दी जमवायची कला बाहेरून शिकावी लागली नाही. शाहू महाराज १९०२ साली राज्यारोहणाच्या समारंभासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात रोमचं जुनं गोल क्रीडागार पाहून त्यांना कुस्तीच्या मैदानाची कल्पना सुचली असं सांगतात. १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. लाल मातीचा हौदा खाली आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक, म्हणजे मागच्यालाही पुढच्यासारखीच कुस्ती दिसते. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आलं, खोपोलीला २०१३ साली इमॅजिका. आपल्या शाळांच्या सहलीही तिकडं वळल्या. तिथं चढायचं, ओरडायचं, उतरायचं. मला त्यात वाईट काही वाटत नाही. ओरडायला मिळणं ही बाईच्या आयुष्यात काही रोजची गोष्ट नव्हे.

पण कणेरीत ओरडायचं काही नाही. तिथं जे आहे ते आपल्याच आज्या-पणज्यांचं रोजचं काम. ते बघण्याची वस्तू कधी झालं?

याची एक गोष्ट स्वीडनमधली आहे. आर्तुर हासेलियुस नावाचे गृहस्थ १८७२ साली खेड्यापाड्यांतून हिंडत होते. रेल्वे आणि कारखाने येत होते, तशी गावाकडची घरं, कपडे, भांडी नाहीशी होत होती. त्यांनी ती गोळा करायला सुरुवात केली आणि १८९१ साली स्टॉकहोमला स्कान्सेन नावाचं उघड्यावरचं संग्रहालय काढलं. देशभरातली जुनी घरं सोडवून आणून तिथं पुन्हा उभी केली. जगभरच्या अशा संग्रहालयांचं ते मूळ मानतात. म्हणजे गाव हातातून निसटायला लागलं, तेव्हाच ते तिकीट काढून बघण्यासारखं झालं.

आपल्याकडं तेच जात्याचं झालं. पिठाची गिरणी गावात आली आणि पहाटेची घरघर थांबली. जातं थांबलं तशा ओव्याही थांबायला लागल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. लिहून घ्याव्या लागल्या, कारण पुढची पिढी त्या म्हणत नव्हती. मला विचाराल तर जात्याचा पुतळा मूक आहे हीच त्याची मोठी उणीव, आणि ती पुतळा करणाऱ्याची चूक नव्हे. सिमेंटला ओवी कशी येणार?

पुतळ्यांऐवजी जिवंत माणसंच मांडली तर? तेही झालेलं आहे. १८८५ साली लंडनमध्ये लिबर्टी नावाच्या मोठ्या दुकानानं बॅटरसीला एक "हिंदी खेडं" मांडलं. इथून चाळीसेक माणसं नेली, कारागीर आणि खेळ करणारे. लंडनच्या थंडीत त्यांचे फार हाल झाले. पुढच्याच वर्षी तिथं वसाहतींचं मोठं सरकारी प्रदर्शन भरलं. त्यात बसवलेले कारागीर बरेचसे आग्र्याच्या तुरुंगात हुन्नर शिकलेले कैदी होते. त्यांच्यात बक्षीराम नावाचा कुंभार होता, वय एकशेदोन सांगितलेलं. व्हिक्टोरिया राणीनं त्या कारागिरांची चित्रं रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून काढून घेतली, त्यात बक्षीरामचंही आहे. चाकावर मडकं घडवणं हे त्याचं पोटाचं काम. समुद्रापलीकडं नेऊन बसवल्यावर तोच तमाशा झाला. हे वाचल्यापासून मला सिमेंटचा कुंभार बरा वाटतो. त्याला थंडी तरी वाजत नाही.

कणेरीच्या कुंभारापाशी आमच्या गटातली एक मैत्रीण माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गावकीचं काम होतं. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. ती हळूच म्हणाली, "ताई, माणसं दाखवता येत्यात. माझी आजी सुगीत खळ्याच्या कडंला उभी राहायची, कोण किती घालील ह्येची वाट बघत. त्ये उभं राहणं कसं दाखवायचं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. बलुतं म्हणजे कामाच्या बदल्यात पिकातला वाटा, हे आपण शाळेत शिकतो आणि ऐकायला ते गोड लागतं. पैशाची गरज नाही, सगळे एकमेकांना धरून. त्रिंबक नारायण आत्र्यांचा "गाव-गाडा" १९१५ साली निघाला. तो वाचला तर या देण्याघेण्यात कुरकुर, ओढाताण आणि भांडणं किती होती ते कळतं. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला "बलुतं" हेच नाव दिलं, तेव्हा त्या शब्दाची दुसरी बाजू घराघरांत पोचली. आणि आपण तर कोल्हापूरचे. महार वतन म्हणजे जमिनीच्या तुकड्यापायी गावाची राबणूक, हे ओळखून शाहू महाराजांनी १९१८ सालीच आपल्या संस्थानात ते रद्द केलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनांबद्दल विधेयक आणलं. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. ज्या गावगाड्यातून बाहेर पडायला माणसांना एवढी वर्षं झगडावं लागलं, तोच आता आपण मुलांना हौसेनं दाखवायला नेतो.

नेऊ नये असं माझं म्हणणं नाही. मी पुन्हा जाईन, नातवंडांना घेऊन जाईन. मोट कशी चालते हे मला फळ्यावर पाच तास शिकवूनही जमलं नव्हतं, ते तिथं पाच मिनिटांत कळतं. पण त्या मैत्रिणीसारखं कुणीतरी बरोबर असावं. लोहाराच्या भात्यापुढं मुलगा उभा राहिला, की त्याला विचारावं, या लोहाराला पैसे कोण देत असेल? आणि नाही दिले तर तो काय करत असेल? पाणवठ्यापाशी विचारावं, इथं पाणी भरायला सगळ्यांना येता येत होतं का? पुतळे बोलत नाहीत, मग बोलायचं काम बघणाऱ्यांनी करायचं. आमची मैत्रीण परतताना गाडीत पोरींना आजीची गोष्ट सांगत बसली. सकाळी घसरगुंड्यांसाठी रुसलेल्या त्याच पोरी, पण एकीनंही मोबाईल काढला नाही.

आत्याबाई खिडकीशी होत्या. मी विचारलं, "काय आवडलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "बैल झ्याक हुते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पर पाळणा न्हवता." त्यांचं लग्न झालं त्या वर्षी जत्रेत त्या रहाटपाळण्यात बसल्या होत्या. पाळणा वर गेला तेव्हा लांब माहेरच्या गावाचं देऊळ दिसलं. पुन्हा बसायला पैसे मागितले, तर सासऱ्यांनी दिले नाहीत. ते देऊळ खरंच दिसतं का, हे त्यांना अजून एकदा बघायचं आहे. चैत्रात जत्रा भरते. तिकिटाचे पैसे मी आत्ताच बाजूला काढून ठेवलेत.