भिंत तीच, पहारा उलटा

'क्वारंटाईन' हा शब्द २०२० साली आपल्या घराघरांत पोहोचला. त्याचे मूळ व्हेनिसच्या बोलीत असून त्याचा अर्थ 'चाळीस दिवस' असा आहे. १३७७ साली एड्रियाटिक किनाऱ्यावरील रगुसा, म्हणजेच आजचे दुब्रॉव्हनिक, या नगराने साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस वेशीबाहेर थांबविण्याचा कायदा केला. पुढे तिसाचे चाळीस झाले. रगुसा आणि व्हेनिस ही दोन्ही नगरे व्यापारावर जगणारी. बंदर कायमचे बंद ठेवावे तर उपासमार, उघडे ठेवावे तर मरण; या पेचातून त्यांनी ही वाट काढली. परंतु व्यापाराची घाई झाली म्हणजे या नियमाचे काय होते, हे फ्रान्समधील मार्से शहराच्या इतिहासात पाहावे.

१६६९ च्या राजाज्ञेमुळे पूर्व भूमध्य समुद्राकडील मालाचा फ्रान्समधील व्यापार मार्सेच्या हाती एकवटला होता. अन्य मार्गाने आलेल्या मालावर वीस टक्के जकात बसे. २५ मे १७२० रोजी 'ग्रां सँतांत्वान', म्हणजे 'थोरला संत अंतोन', नावाचे जहाज सीरियाच्या किनाऱ्याकडील सुती व रेशमी माल घेऊन तेथे आले. वाटेत एक उतारू, काही खलाशी व जहाजावरील वैद्य दगावले होते. इटलीतील लिव्होर्नो बंदराने त्याला प्रवेश नाकारला होता. अशा जहाजाने मालासह दूरच्या निर्जन बेटावर थांबावे, हा रिवाज होता. तरीही मौल्यवान माल शहरालगतच्या विलगीकरणगृहात उतरविण्यात आला. जुलैमध्ये बोकेरची मोठी जत्रा भरणार होती आणि मालाच्या भागीदारांत नगराचे प्रथम पंच एस्तेल हेही होते. हा निर्णय कोणाच्या शब्दाने झाला याविषयी इतिहासकारांत वाद आहे. मालात कोणाचा वाटा होता याविषयी नाही.

गाठी सोडणारे हमाल आधी मेले. मग प्लेग जुन्या शहरातील गरिबांच्या गल्लीत शिरला. ज्यांच्यापाशी साधने होती त्यांनी शहर सोडले. जुलैच्या अखेरीस प्रांताच्या न्यायसभेने मार्सेशी सर्व दळणवळण तोडले. आज्ञा मोडणाऱ्यास देहदंड होता. धान्यासाठी शहराबाहेर दुहेरी कठडे उभारून बाजार भरवावे लागले. एका बाजूस विकणारा, दुसऱ्या बाजूस घेणारा. सुमारे ९० हजार वस्तीच्या त्या शहरात निम्म्याच्या आसपास माणसे मृत्यू पावली. बिशप बेल्सुन्स शहरातच राहिले व आजाऱ्यांमध्ये फिरले. त्यांचे अनेक धर्मगुरू सेवा करता करता गेले. १ नोव्हेंबर १७२० रोजी त्यांनी मार्से येशूच्या पवित्र हृदयाला समर्पित केले.

१७२१ साली प्लेगला अडविण्यासाठी प्रोव्हान्सच्या सरहद्दीवर सुमारे २७ किलोमीटर लांबीची दगडी भिंत बांधण्यात आली. भिंतीपलीकडचा आव्हिन्योचा मुलूख त्याकाळी पोपमहोदयांच्या सत्तेखाली होता आणि तो वाचावा म्हणून ही खटपट होती. भिंत जेमतेम पुरी होते न होते तोच रोग आव्हिन्योत शिरला. तेव्हा फ्रेंच सैन्याने त्याच भिंतीवर उलट दिशेने पहारा बसविला. काल जे सुरक्षित होते, ते आज कोंडले गेले. कप्तान शातो यांना तुरुंगवास घडला. एस्तेल यांना पुढे राजाकडून उमरावपणाची सनद मिळाली. त्या भिंतीचे अवशेष आजही पाहावयास मिळतात.

या कथेचा धागा आपल्यापर्यंतही येतो. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा युरोपातील बंदरे हिंदुस्थानी मालाला बंद होतील, या धास्तीने ब्रिटिश सरकार हादरले. १८९७ च्या प्रारंभी येथे साथरोग कायदा झाला, तर व्हेनिसमध्ये राष्ट्रांची आरोग्य परिषद भरली. मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे थांबविण्यात आली. तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला. त्या टाळेबंदीत मालगाड्या चालू होत्या आणि मजूर मुंबईहून पायी आपल्या गावांकडे निघाले होते.

साथीच्या काळात वेस बंद करणे हे पाप नव्हे. रगुसाच्या तीस दिवसांनी असंख्य जीव वाचविले असतील. पण मार्सेमध्ये वेस श्रीमंताच्या मालासाठी किलकिली झाली आणि नंतर गरिबाच्या तोंडावर आपटली. म्हणून पुढील साथीच्या वेळी 'सीमा बंद की उघडी' एवढेच विचारून भागणार नाही. ती कोणासाठी उघडली, आणि आत कोंडलेल्याची भाकर कोण पोहोचविणार, हेही आपण विचारले पाहिजे. कारण पहारा कधी उलटेल, हे भिंतीच्या अलीकडे उभ्या असलेल्यांना आधी कळत नाही.