पिसवेच्या पोटातला बोळा

वांद्र्याच्या जुन्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी क्रॉस दिसतात. त्यातले कित्येक प्लेगच्या वर्षांत उभारलेले आहेत. मी घाटकोपरला राहतो, कोड लिहून पोट भरतो. इतिहास काही माझा विषय नाही. पण त्या क्रॉसपायी प्लेगबद्दल वाचत गेलो आणि शेवटी पोचलो ते एका किड्याच्या पोटात.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगश यांनी गाठीचा ताप ओळखला. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. म्हणजे आरोपी माहीत होता, तो घरात शिरतो कसा ते माहीत नव्हतं. सरकारने दोष दिला घाणीला, ओलीला, कोंदट हवेला. गटारांत कार्बोलिक ओतलं, कौलं उतरवली, सामान जाळलं. १८९७ च्या साथरोग कायद्याने माणसाला उचलून न्यायचा अधिकारच दिला. बायकांना परक्या माणसासमोर काखेतल्या गाठी तपासू द्याव्या लागल्या.

खरं तर चाळीत सगळे एक गोष्ट पाहत होते: आधी उंदीर पडतात, मग माणसं.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून सांगितलं की उंदरावरची पिसू हा रोग पसरवते. सरकारी प्लेग कमिशनने ते मानलं नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी उंदीर पडलेल्या जागी गिनीपिग सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या, आणि गिनीपिग प्लेगने मेले. मग परळच्या प्रयोगशाळेत पिंजरे टांगून पाहिले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले प्राणी दगावले, दोन फूट उंचावरचे वाचले. पिसवेची उडी तेवढी जात नाही. हवेतून रोग पसरत असता, तर दोन फुटांनी काय फरक पडला असता?

पण पिसू चावते म्हणजे नेमकं काय होतं? याचं उत्तर १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या बॅकॉट आणि मार्टिन यांनी दिलं. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी एक झडप असते. प्लेगचे जंतू तिथे वाढून चिकट बोळा तयार करतात. प्यायलेलं रक्त पोटात उतरतच नाही. भुकेलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते, रक्त बोळ्यावर आपटून मागे येतं आणि जाताना जंतू घेऊन जखमेत उतरतं. शेवटी पिसूही उपासमारीने मरते. मुंगळ्याच्या आतड्यातल्या पेशींत राहणारे जंतू त्याच्या आहारातली उणीव भरून काढतात. इथे मात्र भाडेकरूच घरमालकाला उपाशी मारतो.

मला सर्वात गुंतवून ठेवलं ते यातल्या फरकांनी. सगळ्या पिसवांच्या पोटात हे सारखं घडत नाही. मुंबईच्या उंदरांवर झेनोप्सिला चिओपिस ही जात भरपूर होती. तिच्यात बोळा सहज जमतो. मद्रासकडे अॅस्टिया ही जात जास्त, ती रोग पसरवण्यात कच्ची. मद्रासला प्लेगने एवढं का छळलं नाही, याचं एक कारण कोलंबोचे डॉ. फेबियन हर्स्ट यांनी या फरकात शोधलं. हवामानाचाही हात होता. उकाडा वाढला की बोळा टिकत नाही. मुंबईतली साथ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये भडकून जूनपर्यंत ओसरायची, त्यामागे हेही होतं.

म्हणजे ज्या वर्षांत माणसांची घरं उघडी पाडली जात होती, त्या वर्षांत निर्णय होत होता तो मिलिमीटरभर जागेत. तिथे पाहायला कुणी तयार नव्हतं, आणि कायदा मात्र तयार होता. औषध, उपाय, समज सगळं बदललं, पण मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला तो हाच १८९७ चा कायदा. आपल्या सोसायटीचं गेट बंद झालं, तेव्हा त्या कुलपामागे एक असा कागद होता, जो लिहिणाऱ्यांना पिसवेचा पत्ताही नव्हता.