भर दिवाणखान्यातला पाणउतारा : कौटुंबिक मालिकांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मालिका बघणारे पुष्कळ, बघतो असं कबूल करणारे थोडे. ‘आई लावते, कानावर पडतं’ हे उत्तर शिकल्यासवरल्या घरांत तयारच असतं. असा संकोच वाटणाऱ्या वाचकाचं या अभ्यासात आधी स्वागत, कारण त्याच्या संकोचापासूनच इथे सुरुवात होते. माध्यमांच्या अभ्यासक इएन आंग यांनी नेदरलँड्समधल्या ‘व्हिवा’ या महिलांच्या नियतकालिकात छोटीशी जाहिरात दिली होती : मला ‘डॅलस’ ही अमेरिकी मालिका आवडते, पण सांगितलं की लोक विचित्र बघतात, तुम्हाला ती का आवडते किंवा नावडते, ते लिहा. ४२ पत्रं आली. त्यांवर उभं राहिलेलं पुस्तक १९८२ साली डच भाषेत निघालं आणि आजही या विषयाचा उंबरठा ओलांडायला ते पुरतं. टेक्ससमधल्या तेलवाल्या घराण्याचा पैसा पत्रलेखकांना परका होता. त्या घरातली भांडणं मात्र खरी वाटत होती.

मग मालिकेतल्या पैशाचं काम काय? आपल्याकडे २००१ ते २०१३ चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’मधलं देशमुखांचं घर घ्या, किंवा त्यानंतरचा कुठलाही बंगला. श्रीमंती हा प्रेक्षकाच्या स्वप्नांचा चारा, हे नेहमीचं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. श्रीमंत घरात सकाळी अकरा वाजता सगळे घरी असतात. कुणाला लोकल पकडायची नसते. सुनेवर आळ आला की सासू, दीर, जावा, आत्या आणि जिन्यावर थबकलेला नोकर, सगळे हजर. अपमानाला साक्षीदार लागतात आणि पैसा ते गोळा करून देतो. (चाळीत हेच काम गॅलरी फुकट करते, पण कॅमेऱ्याला तिथे जागा नसते.)

अपमानाची भरपाईही पैशातच होते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या नागपूरकडच्या राधिकेला नवरा आणि त्याची मैत्रीण गावंढळ ठरवतात, ती मसाल्याचा धंदा काढते आणि बघता बघता कंपनी ३०० कोटींची होते. त्या आकड्यावर मीम्सचा पाऊस पडला. हसणाऱ्यांचा हिशेब चोख होता, पण तो ताळेबंदाचा होता. मालिकेतला ३०० कोटींचा आकडा झालेल्या अवहेलनेचं माप सांगतो. त्या आकड्याची टिंगल खूप झाली. बोलीवरून बाईला हिणवणं मात्र कुणाला अशक्य कोटीतलं वाटलं नाही.

मीम हा तसा सौम्य प्रकार. आता कथेतही व्हायरल व्हिडिओने अब्रू घालवली जाते, म्हणजे दिवाणखान्याच्या भिंती पाडून साक्षीदार वाढवले जातात. आणि कथेबाहेर खलनायिका रंगवणाऱ्या नटीच्या खात्यावर शिव्या पडतात. पडद्यावर खलनायक रंगवणाऱ्या निळू फुले यांनाही बायका शिव्या देत आणि ती दादच मानली जाई, असं यावर कुणी म्हणेल. मला ही तुलना लंगडी वाटते. ती शिवी रस्त्यावर विरून जायची. ही लिहिलेली राहते, तिच्याखाली दुसरा भर घालतो आणि चार ओळींत गोष्ट भूमिकेवरून नटीच्या शरीरावर, संसारावर घसरते. मालिकेने शिकवलेली रीतच प्रेक्षक इथे वापरतो का, हा प्रश्न उघडा आहे आणि नव्या अभ्यासकांनी तो जरूर हाती घ्यावा. मात्र मालिकेला दोषी धरायची घाई नको : जात, गाव आणि भावकीसमोर पाणउतारा करण्याची चाल टीव्हीच्या कितीतरी आधीची आहे.

सुरुवात एकाच भागापासून करा. आवाज बंद करून बघा : कोण उभं, कोण बसलेलं, कागदावर सही कुणाची, आणि थप्पड बसल्यावर कॅमेरा कुणाकुणाच्या चेहऱ्यावर जातो. मग तोच भाग घरातल्या जाणकार बाईंबरोबर आवाजासकट बघा. ‘हे का बघता?’ असं विचारू नका, त्यावर फक्त सारवासारव ऐकायला मिळेल. सासू नेमकी कुठे चुकली, ते विचारा.